बी २१ वर नेलपॉलिश: जुन्या कॉम्प्युटरचं बिनसोल्डरचं ओव्हरक्लॉकिंग

ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की होस्टेलवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे आणि गेमिंगचा पीसी येतो. हल्ली हे काम बायॉसच्या एका पानावर होतं. आकडा वाढवा, सेव्ह करा, रिस्टार्ट करा, झालं! आत नेमकं काय बदललं हे विचारायची गरजच पडत नाही. मला मात्र हा विषय शिकायला मिळाला तो अशा मशीनवर, ज्याच्या बायॉसमध्ये असलं पानच नाही.

आमच्या इन्स्ट्रुमेंटेशन लॅबच्या कोपऱ्यात एक पीसी आहे. सेलेरॉन ३००ए प्रोसेसर, इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड, विंडोज ९८. नवीन पोरं त्याला 'म्युझियम' म्हणतात. पण ते मशीन अजून भंगारात गेलेलं नाही, कारण त्याच्या आयएसए स्लॉटमध्ये एक डेटा ॲक्विझिशन कार्ड बसलेलं आहे आणि व्हायब्रेशनची प्रॅक्टिकल्स त्याच्यावरच होतात. नव्या पीसीला आयएसए स्लॉट नसतो, म्हणजे बोर्ड गेला की कार्डही गेलं. कार्डाचं डॉसवरचं सॉफ्टवेअर रीडिंग घेतं, एफएफटी लावतं आणि स्पेक्ट्रम स्क्रीनवर काढतं. यातलं एफएफटीचं काम रखडतं आणि अख्खी बॅच स्क्रीनकडे बघत उभी राहते. फाईल नव्या पीसीवर नेऊन तिथे गणित करता येतं, कबूल. पण मोटरचा वेग बदलला की शिखर कसं सरकतं हे जिथल्या तिथे दिसण्यातच त्या प्रॅक्टिकलचा जीव आहे.

तेव्हा वेग वाढवायचं ठरलं. लॅब असिस्टंट काकांनी एकच अट घातली. "काय करायचं ते करा, पण सोल्डरिंग आयर्न त्याच्या जवळ आणायचं नाही. डेडस्टॉक रजिस्टरात जसं आहे तसंच ते परत दिसलं पाहिजे." अट अगदी रास्त होती. असा बोर्ड अनेक थरांचा असतो. त्यावरचं एखादं पॅड उष्णतेनं उचकटलं की संपलं, आणि बदली बोर्ड आता दुकानात मिळत नाही. म्हणून या लेखात जे काही आहे ते सगळं पुसून टाकता येण्यासारखं आहे.

घड्याळाची टिकटिक

आधी थोडी थिअरी. घाबरू नका, सेकंड इयरच्या डिजिटलपुरतीच आहे.

प्रोसेसरच्या आत फ्लिपफ्लॉप असतात आणि दोन फ्लिपफ्लॉपच्या मध्ये गेट्सची साखळी. क्लॉकचा एक ठोका पडला की सिग्नल निघतो, आणि पुढचा ठोका पडायच्या आत तो पलीकडच्या फ्लिपफ्लॉपपाशी पोचून स्थिर व्हावा लागतो. मेसमध्ये दर मिनिटाला घंटा वाजते आणि घंटेसरशी प्रत्येकानं आपलं ताट पुढच्याकडे सरकवायचं, असं समजा. भातवाला, आमटीवाला वेळेत उरकतील, पण पोळ्यांवर तूप लावणारा सगळ्यात हळू. घंटा किती भराभर वाजवायची हे त्याच्यावरच ठरणार. प्रोसेसरमधल्या या तूपवाल्याला म्हणतात क्रिटिकल पाथ.

३०० मेगाहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये ३.३३ नॅनोसेकंद मिळतात, ४५० ला फक्त २.२२. सगळ्यात लांबचा रस्ता २.२२ नॅनोसेकंदांत पार होत असेल तर चिप ४५० ला चालेल, नाहीतर नाही. गेटचा हा उशीर चिप तापली की वाढतो आणि व्होल्टेज वाढवलं की कमी होतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख त्याच्यावरच उभा आहे.

ही परंपरा जुनीच

बिनसोल्डरचं ओव्हरक्लॉकिंग पीसीच्या बालपणापासून चालत आलेलं आहे. १९८४ साली आलेल्या आयबीएम पीसी एटीमध्ये ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झला चालायचा. त्याला क्लॉक मिळायचं १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलपासून, दोननं भागून. हे क्रिस्टल सॉकेटमध्ये बसवलेलं होतं. लोकांनी ते काढून १६ मेगाहर्ट्झचं बसवलं आणि प्रोसेसर ८ वर धावू लागला. दोन बोटांचं काम! पुढे आयबीएमनं नंतरच्या बायॉसमध्ये वेगाची तपासणीच घातली, म्हणजे असं क्रिस्टल बदललेलं मशीन सुरूच होऊ नये. कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यातला हा लपंडाव तेव्हापासूनचा.

३००ए एवढा का गाजला?

एप्रिल १९९८ मध्ये इंटेलनं पहिला सेलेरॉन काढला, २६६ मेगाहर्ट्झचा. त्यात एल२ कॅश अजिबात नव्हती, त्यामुळे त्याची यथेच्छ टिंगल झाली. मग ऑगस्ट १९९८ मध्ये ३००ए आला. यात १२८ केबी एल२ कॅश थेट प्रोसेसरच्या चिपवरच होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगानं चालायची. त्याच महिन्यात आलेल्या पेंटियम टू ४५० मध्ये कॅश ५१२ केबी होती, पण वेगळ्या चिप्सवर आणि निम्म्या वेगाची. किमती पाहा: ३००ए १४९ डॉलर, पेंटियम टू ४५० ६६९ डॉलर.

आता गणित. ३००ए चा मल्टिप्लायर ४.५ वर कुलूपबंद आहे, तो बदलता येत नाही. फ्रंट साइड बस ६६ मेगाहर्ट्झ. ६६ गुणिले ४.५ म्हणजे ३००. पण बस जर १०० केली तर? १०० गुणिले ४.५ बरोबर ४५०. नेमका महागड्या भावाचा वेग! आणि त्या काळी यातले बरेच प्रोसेसर हा वेग झेलायचे, कारण ०.२५ मायक्रॉनच्या उत्पादनात इंटेलचा हात चांगला बसला होता. ३०० च्या लेबलाखाली विकल्या जाणाऱ्या कित्येक चिप्स मुळात त्याहून बऱ्याच दमाच्या होत्या. स्वस्त मालाला मागणी असेल तर चांगल्या चिपवरही छोटा आकडा छापावा लागतो, हे त्यामागचं साधं अर्थशास्त्र.

बी २१ ची गंमत

अनेक बोर्डांवर बस बदलायला जंपर असतात. काहींच्या बायॉसमध्येच सोय असते, ॲबिटचा बीएच ६ त्यासाठीच प्रसिद्ध झाला. पण ब्रँडेड पीसीच्या बोर्डावर यातलं काही नसतं. प्रोसेसर कोणता आहे ते पाहून बोर्ड स्वतःच बस ठरवतो. आमच्या लॅबचं मशीन याच जातीचं.

मग बोर्डाला प्रोसेसर कसा ओळखू येतो? स्लॉट १ च्या प्रोसेसरला खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या असतात, ए बाजूला १२१ आणि बी बाजूला १२१, एकूण २४२. यातली बी २१ ही पट्टी बसचा वेग सांगते. बोर्डावर ही लाइन पुल-अप रेझिस्टरनं वर ओढलेली असते. ६६ च्या प्रोसेसरमध्ये बी २१ ग्राउंडला जोडलेली असते, म्हणून बोर्डाला 'शून्य' दिसतो आणि तो ६६ देतो. १०० च्या प्रोसेसरमध्ये ती तशी जोडलेली नसते, म्हणून 'एक' दिसतो आणि १०० मिळतात.

चाणाक्ष वाचकांनी ओळखलंच असेल. बी २१ वर इन्सुलेशन चढवलं की बोर्डाचा ग्राउंडशी संबंध तुटतो, पुल-अप आपलं काम करतो आणि बोर्ड समजतो की १०० चा प्रोसेसर बसलाय. कुठेही तार नाही, कट नाही, सोल्डर नाही. एका पट्टीवर थोडंसं नेलपॉलिश. नको असेल तेव्हा रिमूव्हरनं पुसून टाका, मशीन जसंच्या तसं.

पण बाकीच्यांचं काय?

ओव्हरक्लॉकिंगमध्ये लोक प्रोसेसरचाच विचार करतात. प्रत्यक्षात बस वाढवली की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळंच हलतं. पीसीआय, एजीपी आणि आयएसए यांची क्लॉक्स त्या एकाच बसला भागून मिळतात.

६६ ला पीसीआयसाठी बसला दोननं भागतात, मिळतात ३३. एजीपीला थेट ६६. आता कोणी धीर करून बस ८३ वर नेली तर दोननंच भागून पीसीआय ४१.५ होतं आणि एजीपी ८३. आयएसए पीसीआयच्या एक चतुर्थांशावर चालतं, म्हणजे ८.३ च्या जागी १०.४. हार्ड डिस्कचा कंट्रोलर पीसीआयच्या घड्याळावर असतो, त्यामुळे डिस्कवरच्या फायली हळूहळू सडायला लागतात आणि दोष मात्र प्रोसेसरला दिला जातो.

४४०बीएक्सची खरी मजा इथे आहे. १०० मेगाहर्ट्झ हा त्याचा अधिकृत वेग आहे. १०० ची खूण मिळाली की पीसीआयसाठी तीननं भागलं जातं, पुन्हा ३३. एजीपीला दोन तृतीयांश, पुन्हा ६६. आयएसए पुन्हा ८.३. म्हणजे ८३ पेक्षा १०० जास्त सुरक्षित! आपल्या नियमाबाहेर जाणारा एकटा प्रोसेसर, बाकी सगळे नियमात. आमच्या कार्डासाठी हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा होता, कारण कार्ड गेलं तर प्रॅक्टिकलच गेलं.

दोन अटी मात्र आहेत. मेमरी पीसी १०० ची हवी, ६६ ची जुनी रॅम १०० ला टिकेलच असं नाही. आणि चिपसेट खरंच बीएक्स हवा. ४४०एलएक्स किंवा ४४०ईएक्स असेल तर १०० चा विषयच सोडून द्या.

आधी मशीन ठणठणीत करा

पंचवीस वर्षं उलटून गेलेल्या मशीनला पळवण्याआधी त्याची तब्येत तपासायला हवी. आम्ही हे सगळं मूळ वेगावर असतानाच केलं.

पहिली गोष्ट, हार्ड डिस्कची पूर्ण कॉपी. सॉफ्टवेअरची फ्लॉपी आता कोणाकडे शोधायची?

दुसरी, बोर्डावरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. टोपी फुगलेली किंवा बुडाशी ओल दिसली तर ओव्हरक्लॉकिंगचा नाद तिथेच सोडा.

तिसरी, एसएमपीएस. मल्टीमीटरनं ५ व्होल्टची लाइन लोडवर मोजा. ४.७५ ते ५.२५ च्या आत हवी. या काळातले बोर्ड बराचसा करंट ५ व्होल्टवरून खेचतात आणि नव्या सप्लायचा जोर १२ व्होल्टवर असतो. त्यामुळे नवीन सप्लाय लावला की प्रश्न सुटला, असं समजू नका.

चौथी, सीआर २०३२ सेल बदला. पाचवी, मेमटेस्ट रात्रभर चालवा. मूळ वेगालाच मेमरी चुकत असेल तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

प्रत्यक्ष कृती

मेन्सची वायर काढा. नुसतं शटडाऊन पुरत नाही, एटीएक्स सप्लाय बंद असतानाही बोर्डावर स्टँडबाय व्होल्टेज असतं. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा.

प्रोसेसर स्लॉटमधून सरळ वर काढा. सेलेरॉनला पेंटियम टूसारखी प्लॅस्टिकची पेटी नसते, उघडा बोर्डच असतो, म्हणून पट्ट्या समोरच दिसतात. डेटाशीटमधल्या आकृतीवरून बी बाजू ठरवा आणि २१ वी पट्टी मोजा. एकानं मोजायची, दुसऱ्यानं स्वतंत्रपणे परत मोजायची. दोघांचं उत्तर एक आलं तरच पुढे जायचं. पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. टूथपिकच्या टोकानं नेलपॉलिशचा पातळ थर द्या, शेजारच्या पट्टीवर अजिबात जाता कामा नये. पूर्ण वाळू द्या. वाळल्यावर मल्टीमीटरची टोकं हलकेच टेकवून पट्टीवर कंटिन्युइटी लागत नाही ना, ते पाहा.

काही जण पारदर्शक चिकटपट्टीची बारीक फीत वापरतात. तीही चालते, पण स्लॉटमध्ये घालताना सरकते आणि तिचा गोंद आतल्या स्प्रिंगांना लागतो. वायरिंगची काळी टेप तर नकोच, ती फार जाड असते.

प्रोसेसर सरळ खाली दाबून बसवा, मशीन चालू करा. पहिल्याच स्क्रीनवर आमच्याकडे ४५० उमटलं आणि काकासुद्धा खुर्चीवरून उठून बघायला आले!

आधी उष्णता, मग व्होल्टेज

विंडोज सुरू झालं म्हणजे काम फत्ते, असं वाटतं. आम्ही प्राइम ९५ चा टॉर्चर टेस्ट लावला आणि वीस मिनिटांत एरर आली.

इथे बहुतेक जण व्होल्टेजकडे धावतात. ते कसं वाढतं हे सांगतो, म्हणजे का टाळायचं तेही कळेल. प्रोसेसर आपल्याला हवं ते व्होल्टेज व्हीआयडी नावाच्या पाच पट्ट्यांवरून बोर्डाला सांगतो. ग्राउंडला जोडलेली म्हणजे ०, मोकळी म्हणजे १. ३००ए मागतो २.० व्होल्ट, त्याचा कोड ००००१. २.२ व्होल्टचा कोड १११०१. इन्सुलेशननं ० चा १ करता येतो, १ चा ० नाही. म्हणजे पहिल्या तीन पट्ट्या झाकल्या की २.२ मिळतात. ऐकायला सोपं आहे. पण तिघींपैकी एकटी पहिलीच नीट झाकली गेली आणि बाकीच्या दोघींवरचा थर खरवडला गेला, तर कोड होतो १०००१, आणि त्या तक्त्यात तो ३.४ व्होल्टचा आहे! बोर्डाच्या रेग्युलेटरनं तेवढं दिलं तर प्रोसेसरची राख.

शिवाय पॉवरचं सूत्र आठवा. ती फ्रिक्वेन्सीच्या सम प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नुसत्या ४५० नं दीडपट. त्यात २.२ व्होल्ट म्हणजे आणखी १.२१ पट, एकूण सुमारे १.८ पट. जुन्या रेग्युलेटरवर आणि कपॅसिटरवर एवढा भार कशाला?

आम्ही उलटा रस्ता धरला. हीटसिंक काढला तर खालची पेस्ट वाळून खडू झालेली. ती साफ केली, नवीन पातळ थर दिला, हीटसिंकमधला धुळीचा नमदा ब्रशनं काढला आणि कुरकुरणारा पंखा बदलला. प्राइम ९५ पुन्हा लावलं. रात्रभर एकही एरर नाही, आणि तेही मूळ २.० व्होल्टवर. तापमान उतरलं, गेटचा उशीर कमी झाला, २.२२ नॅनोसेकंदांत गाडी बसली. थिअरीतलं वाक्य डोळ्यांसमोर खरं झालं.

चालतंय, पण बरोबर चालतंय का?

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. गेमच्या पीसीवर एखादा बिट चुकला तर फार तर स्क्रीनवर एक ठिपका वेगळा दिसेल. इथे मात्र आकडे कोणाच्या तरी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये जाणार आहेत. मशीन हँग झालं तर निदान कळतं तरी. हँग न होता एखादं उत्तर चुकलं तर कोणालाच कळत नाही, आणि बेअरिंग खराब नसताना खराब ठरतं.

म्हणून आम्ही दोन गोष्टी तपासल्या. एक, ३०० ला साठवलेली जुनी रीडिंगची फाईल ४५० ला पुन्हा त्याच सॉफ्टवेअरमधून काढली आणि दोन्ही उत्तरांच्या फायली बाइट-बाइट ताडून पाहिल्या. डॉसच्या फाईल कंपेअर कमांडनं हे लगेच होतं. एकही फरक नको, 'जवळपास सारखं' चालत नाही. दोन, फंक्शन जनरेटरवरून १ किलोहर्ट्झची साइन वेव्ह दिली आणि शिखर १ किलोहर्ट्झलाच येतंय का ते पाहिलं. कारण त्या काळचे काही डॉस प्रोग्राम वेळ मोजायला नुसतं रिकामं लूप फिरवायचे. प्रोसेसर दीडपट झाला की त्यांचा सेकंदही आखूड होतो! आमच्या कार्डाला स्वतःचं क्रिस्टल आहे, त्यामुळे शिखर जागचं हललं नाही. पण तुमच्या कार्डाला ते नसेल तर तुमची सगळी फ्रिक्वेन्सीची रीडिंग चुकतील, आणि मशीन मात्र मजेत चालत राहील.

ही दुसरी चाचणी आता प्रत्येक बॅचच्या सुरुवातीला करायची, असा कागद मशीनवर चिकटवलेला आहे. मशीनच्या वहीत बदलाची तारीख आणि 'बी २१ झाकली आहे' हेही लिहून ठेवलंय. आम्ही पास होऊन गेल्यावर कोणाला तरी हे कळायला हवं.

इतर वाटा

नेलपॉलिशही नको असेल तर सॉफ्टएफएसबीसारखे प्रोग्राम होते. ते विंडोजमधूनच बोर्डावरच्या क्लॉक चिपला नवा वेग सांगतात. रीस्टार्ट केलं की पुन्हा मूळ वेग, म्हणजे प्रयोगाला उत्तम. फक्त आपल्या बोर्डावरची क्लॉक चिप त्या प्रोग्रामच्या यादीत असावी लागते.

एएमडीच्या २००० सालच्या थंडरबर्ड आणि ड्युरॉनवर तर साधी शिसपेन्सिल चालायची. प्रोसेसरच्या वरच्या बाजूला एल१ नावाचे तुटलेले पूल असतात. ते ग्राफाइटनं रेघ मारून जोडले की मल्टिप्लायरचं कुलूप उघडायचं. खोडरबरनं पुसलं की पुन्हा बंद! आणि पट्टी झाकण्याची युक्ती २००७ च्या कोअर टू क्वाड क्यू ६६०० पर्यंत टिकली. तिथे एक बीएसईएल पॅड झाकलं की बस २६६ वरून ३३३ वर जाते आणि २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३.० ला धावतो, अर्थात बोर्डाला ३३३ चालत असेल तर.

शेवटी

आता स्पेक्ट्रमचा जो भाग निव्वळ गणिताचा आहे, तो दोन तृतीयांश वेळात होतो. डिस्क आणि कार्ड यांचा वेग तोच आहे, त्यामुळे सगळंच दीडपट झालं असा दावा मी करणार नाही. पण मोटरचा रेग्युलेटर फिरवला की शिखर सरकताना दिसतं, आणि पोरं मोबाइल खिशात ठेवून बघतात.

तुमच्याही डिपार्टमेंटच्या स्टोअरमध्ये असं एखादं मशीन पडलेलं असेल. राइट-ऑफ होण्याआधी सरांची परवानगी घेऊन ते एकदा उघडा. डेटाशीट वाचा, पट्ट्या मोजा, प्रत्येक पायरी वहीत लिहा. फक्त ज्या मशीनवर स्वतःचा प्रोजेक्ट रिपोर्ट आहे, त्याच्यावर सबमिशनच्या आदल्या रात्री हा प्रयोग करू नका. नेलपॉलिश कुठून मिळवायचं हा प्रश्न मात्र बॉइज होस्टेलनं आपापला सोडवावा!

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स